हातचा

सोहारच्या औद्योगिक वसाहतीत, तिसऱ्या मजल्यावर,
एसीच्या गारठ्यात शाल पांघरून
मी एक फाइल उघडते.
नाव: पगार नवीन नवीन शेवटची.
तारीख दोन हजार चारची.

लिहिणारा हुसैन परकार, हर्णैचा.
मी त्याला पाहिलेलं नाही.
तो गावी गेला, मागे खुर्ची राहिली पाठीचा खड्डा पडलेली
आणि ही फाइल, जिला सगळे 'परकार'च म्हणतात.
"परकार चालला का?"
दर पंचवीस तारखेला हिशेबाचा सालेम विचारतो,
घरातल्या आजाऱ्याबद्दल विचारावं तसं.

बातमी आहे, अमुक कंपनीनं तमुक कंपनी गिळली.
बातमी आहे, यापुढे सॉफ्टवेअर विकत मिळणार नाही,
भाड्यानं मिळेल, डोई दरमहा.
म्हणजे बेडस्पेस.
भाडं थकलं की वळकटी दाराबाहेर,
आणि वळकटीतले आकडे मात्र आत.
मंचावरचा माणूस म्हणतो, यंत्र आता विचार करतं.
करत असेल बापडं.
माझं मत कुणी विचारलेलं नाही, तरी सांगते:
सॉफ्टवेअर म्हणजे कुणाचं तरी मतच असतं,
बटणं लावलेलं.

मग दुबईहून रामी आला, सल्लागार.
परकारच्या अकराशे ओळी त्यानं वर-खाली सरकवल्या.
"इतके अपवाद?"
मी वाचून दाखवलं, इंग्रजी अक्षरांतलं त्याचं मराठी:

ओळ तीनशे बारा. रमजानात दोन तास कमी. पगार कापू नये.
सगळ्यांना. बिस्वजितला पण. मोठ्या साहेबांशी बोललो आहे.
ओळ पाचशे चार. इथे हात लावू नये, कारण आठवत नाही.
ओळ सातशे एक. हातचा.

तेव्हा पगार रोख मिळे. पाच बैसांखाली नाणं नव्हतं.
कुणाच्या पाकिटात दोन बसत नसत, कुणाच्या तीन.
परकार ते पुसत नसे.
ज्याचे त्याच्या नावापुढे धरून ठेवी,
पुढच्या महिन्यात मिळवी.
रामीला सांगताना माझं इंग्रजी अडलं,
मी बोटं दुमडली: आठ नि सात पंधरा, पाच लिहिले, हातचा एक.
"कॅरी," तो म्हणाला.
नाही रे. ते डोक्यावरचं ओझं झालं.
हातचा मुठीत असतो. मूठ दुसऱ्याची राखायची असते.
त्यानं लिहून घेतलं: जुनी सवय, गरज नाही.

नवी प्रणाली निळी आहे, अदबशीर,
मला नावानं सुप्रभात म्हणते.
पहिल्याच रमजानात तिनं अडतीस जणांचे दोन-दोन तास कापले.
कायद्यात बसतं, रामीनं फोनवर सांगितलं,
आणि खरंच बसतं.
तक्रार एकही आली नाही.
तक्रारीला लॉगिन लागतं,
लॉगिन डोई दरमहा,
म्हणून वेल्डरांना दिलेलंच नाही.

आता पंचवीस तारखेला सगळे गेल्यावर
मी परकार चालवते.
दोन आकड्यांमधला फरक हातानं भरते, एकेक नाव.
प्रणाली कारण मागते, सक्तीचं, यादीतून निवडा:
चूक. बोनस. न्यायालयीन आदेश. इतर.
इतर निवडलं की एक छोटा चौकोन उघडतो.
त्यात मी लिहिते: हातचा.
ती हिरवी खूण करते. तिला काय.

विकणाऱ्या कंपनीनं आमच्यावर यशोगाथा छापली आहे,
शून्य अपवाद, असा मथळा.
सालेमनं ती भिंतीवर लावली, किंचित तिरकी.
अडतीस ओळींवर तो सही करतो, विचारत काही नाही.
फक्त जिन्यात, पायरीकडे बघत:
परकार चालला का?

चालला, मी म्हणते.
जरा लंगडत.