नकाशाची मागची बाजू

आमच्या फ्रीजलंडमध्ये पाणी हा जुना वैरी.
आजोबांनी बांध घातला तो त्याला बाहेर ठेवायला,
वडिलांनी तो हातभर उंचावला,
मी चाळीस वर्षं त्याच्या चिरा मोजून पगार घेतला.
पाणी कुठे मुरतंय, हे मी नेहमी
संशयानंच विचारत आलो.

चर्चच्या तुकडीबरोबर कितुईला उतरलो
तेव्हा नळकांड्यात सभागृहाचा नकाशा होता:
बारा खिडक्या, पत्र्याचं छत, घंटेसाठी मनोरा,
सिमेंट तीनशे चाळीस गोणी.

पहिल्या बैठकीला स्योंबुआ उशिरा आली.
पाठीवर पिवळा डबा, डब्याचा पट्टा कपाळावर.
तिनं पट्टा काढला,
तरी खाच तिथेच होती.
नकाशाभोवती ती एकदा फिरली.
"एका गोणीला पाणी किती?"
"डबाभर. थोडं वरच."
"आणि भिंत वाळताना?"
"वाळू द्यायची नसते. आठवडाभर भिजवायची."
म्हणालो, आणि माझं मलाच ऐकू आलं.
मुथेंगीनं ते कांबा भाषेत सांगायला
गरजेपेक्षा जास्त वेळ घेतला.
ती चिडली नाही.
म्हणाली, "म्हणजे हे घर आधी आमच्या कपाळावर उभं राहणार,
मग पायावर."

रात्री कंदिलाशी हिशेब मांडला.
चुकला असेल म्हणून पुन्हा मांडला.
डबे सातशेच्या वर.
झरा दीड तासावर. येणं वेगळं.

मग कागद उलटा केला.
मागची बाजू कोरी होती, एक कॉफीचा डाग सोडून.
डागाच्या शेजारून किथूनीचं कोरडं पात्र काढलं,
पात्रात आडवी एक भिंत,
पाणी अडवायला नव्हे, वाळू अडवायला.
दोन-चार पुरांत वाळू भिंतीशी साठत जाते
आणि पाणी तिच्या पोटात शिरून बसतं,
उन्हाच्या हाती लागत नाही.

सकाळी दाखवलं. खाली मान घालून सांगितलं,
हिलाही पाणी लागेल. डबे वाहावे लागतील.
बायका आपसात बोलल्या. स्योंबुआ म्हणाली,
"हिला देऊ. ही उसनं फेडणारी दिसते."

मी दुर्बीण लावून जागा ठरवली, लाल झेंड्या रोवल्या.
मुलात्या गवंडी उकिडवा बसून बघत होता.
"इथे नाही. गाढवं कुठे उकरतात, ते बघा."
गाढवं दोनशे पावलं वर उकरत होती.
तिथे पहार घातली, छातीएवढ्या खोलीवर खडक वाजला.
झेंड्या मी उपटल्या. कुणी हसलं नाही,
ते जास्त लागलं.

घरून समितीचं पत्र आलं:
देणगी सभागृहासाठी होती, सभेचं काय?
चित्स्केनं एका ओळीत उत्तर धाडलं:
सभा भरते, नदीच्या पात्रात, रोज पहाटे,
उपस्थिती उत्तम.
घंटा खोक्यातच राहिली.
खोक्याचं झाकण कुणीतरी चुलीला नेलं,
मग आत एक तांबडी कोंबडी बसू लागली.

भिंत झाली त्या दिवशी तिच्यामागे काहीच नव्हतं.
रुंद, राखाडी, कशालाच न अडवणारी.
मी तसाच विमानात बसलो.

काल, दोन वर्षांनी, मुलात्याचं पत्र आलं.
वाळू काठोकाठ आहे.
कावुथाच्या पोरीनं कोपरापर्यंत हात घातला,
पाणी वर आलं, गढूळ, मग नितळ.
गाढवं आता खाली येतात.
नकाशा स्योंबुआकडे आहे.
तिनं तो परत उलटून बघितला,
आणि विचारलंय:
पाणी आहे, आता सभागृह कधी?
खिडक्या बारा नकोत म्हणते, धूळ येते.
आठ पुरे.