डबल बेल

ये अर्पिता, इथं बस, हा एकच पंखा फिरतो.
सहा महिन्यांची रजा संपली, मशीन पुन्हा गळ्यात आलं,
आणि चेहरा असा, जसं कॅशला शंभर कमी आलेत.
वडूज गाडीला अजून पंधरा मिनिटं आहेत.
तेवढ्यात होईल तेवढं सांगते.

कणीक रात्रीच मळ. वरून तेलाचं बोट फिरव, नाहीतर काळी पडते.
कुकर एकदाच लाव: खाली डाळ, मध्ये भात, वर बटाटे.
बटाटे उद्याच्या भाजीचे.
कूट रविवारी, चटणी रविवारी,
भांडणसुद्धा रविवारी. एरवी वेळ कुणाला आहे?

आमच्याकडे कासचं पाणी सव्वापाचला येतं.
मी नळ रात्री उघडाच ठेवते, खाली पातेलं पालथं.
पाणी आलं की तेच उठवतं.
गजर बंद करून झोपता येतं, पातेलं बंद करता येत नाही.

मोजे सगळे एकाच रंगाचे घे.
जोड्या लावण्यात माझी चार वर्षं गेली.

पलंगाखाली दोन कार्डशीट कायम असू देत.
तुझं बाळ आत्ता लहान आहे, पण एक दिवस
रात्री साडेनऊला म्हणेल, 'आई, उद्या प्रकल्प न्यायचाय.'
तोवर राजवाड्यापर्यंतची सगळी दुकानं बंद झालेली असतात,
आणि पोरांना ते बरोबर ठाऊक असतं.

हणमंत कपड्यांच्या घड्या घालतो, त्या बघवत नाहीत.
मी बघत नाही.
आधी मोडून पुन्हा घालायचे,
तर त्यानं घालायचंच सोडलं.
माणूस परत रुळावर आणायला दोन वर्षं लागली.
वाकडी घडीपण कपाटात मावते गं.

पुसेगावच्या आसपास तुझी छाती भरून येईल.
खाकीवर डाग पडेल. बॅगेत सुती फडकं ठेव, एक जादा शर्ट.
कुणी टक लावून बघत असला
तर त्याच्याकडे आधी तिकीट मागायचं.

एका गोष्टीला मात्र युक्ती सापडत नव्हती.
निघताना गार्गी पायाला मिठी मारायची.
लपून निघून बघितलं. ते सगळ्यात वाईट,
दुपारपर्यंत उंबऱ्यात बसून राहायची म्हणे.
मग एक दिवस तिला उचलून दाराच्या बेलपाशी नेलं.
म्हटलं, आजपासून कंडक्टर तू, मी गाडी.
तू डबल दिलीस की मी सुटणार.
तिनं दाबली. टिंग टिंग.
मी जिना उतरले. वरून रडण्याचा आवाज आला नाही.

सहा वर्षं रोज डबल.
एकदा अंगात कणकण होती तिच्या,
तिनं एकच दिली.
एक.
आणि बोट खाली घेऊन माझ्याकडे बघत राहिली.
सिंगलला गाडी थांबते. मीच शिकवलं होतं.
बॅग खाली ठेवली, तिच्या कपाळावर पट्टी ठेवली,
भाताची पेज केली.
मेढा गाडी त्या दिवशी पाऊण तास उशिरा सुटली.
मला मेमो आला.
तो रेशनकार्डाच्या पिशवीत आहे,
महत्त्वाचे कागद ठेवतो तिथं.

आता ती नववीत आहे. बेल नाही वाजवत.
गॅलरीतून ओरडते, 'आई, किल्ली घेतलीस का?'
हां, किल्ली. दाराच्या आतल्या बाजूला एक खिळा मार,
घरात आलीस की आधी किल्ली तिथं, मग पाणी, मग बाळ.
नाही, आधी बाळ.

तो बघ, तुझा ड्रायव्हर हॉर्न देतोय.
डबा बॅगेत वर ठेव, मशीनखाली पोळ्या चेपतात.
आणि हे ऐकून जा,
स्टँडवर हिरकणी कक्ष आहे ना, त्याला कायम कुलूप असतं.
किल्ली कंट्रोलरच्या टेबलाच्या डाव्या खणात.
रोज मागायची. लाजायचं नाही.
मी मागितली नव्हती.