लोहगाव ते नागपूर

धायरीहून लोहगाव: पावणेदोन तास.
येरवड्याच्या सिग्नलला रिक्षावाल्याने
तंबाखू मळली, चघळली, थुंकलीसुद्धा.

लोहगावहून नागपूर: सव्वा तास.
त्याआधी धावपट्टी लढाऊ विमानांची,
आपण थांबायचं.

कैरीच्या लोणच्याची बरणी तपासणीत राहिली.
तेल आहे काका, म्हणाला पोरगा, नियम आहे.
वहिनीसाठी होती.

वरून मुळा-मुठा सुतळीएवढी,
मग नुसते ढग.
पट्टा सैल करून हिशेब मांडला:
सरळ रेषेत सहाशे किलोमीटर, वर थोडे.
दादाशी न बोललेली वर्षं अकरा.
दर दिवाळीला मीच म्हणायचो,
फार लांब पडतं हो नागपूर.

कागदी पेल्यातला चहा
अजून ओठाला चटका देतोय
आणि उतरायची सूचना झालीसुद्धा.

पहिलं वाक्य
काही केल्या सुचत नाही.