अजून पुरता कोळसा नाही

व्हर्लीन हॉप्सन सांगते,
तिच्या कुरणाखाली साठ फुटांवर जे निघालं
ते हाताला ओलं लागायचं,
नखानं खरवडलं तर साल सुटायची.
एकदा आख्खं खोड वर आलं, वर्तुळांसकट.
कंपनीचा पोरगा म्हणाला, बाई, कोळसाच आहे हा,
फक्त अजून पुरता झालेला नाही.
ती म्हणाली, आमच्या डेलरॉयसारखा.

डेलरॉय तिचा भाचा. सात वर्षं
कोंबड्यांच्या कारखान्यात पिसं उपटायच्या पट्ट्यापाशी उभा.
आता छातीवर नावाची पट्टी, खाली दोन शब्द:
वायूकरण, रात्रपाळी.
ताटातल्या काकवीत बोटानं रेघा ओढून
तो तिला समजावायचा.
जाळायचं नाही, मावशी. जाळलं की संपलं.
आधी वाळवायचं, निम्मं तर पाणीच आहे त्यात.
मग पिठासारखं दळायचं, आणि बंद नळात,
जीव जाणार नाही एवढ्याच हवेत
हजार अंशांवर गरगर फिरवायचं.
पेटू द्यायचं नाही. विझूही द्यायचं नाही.
त्या अडनिड्या जागी त्याचा वायू होतो.
वायूतला कर्ब धुऊन काढायचा, दाबायचा,
आणि साठ मैल पाइपानं नेऊन
म्हाताऱ्या तेलविहिरींच्या पोटात सोडायचा.

तिथे गप्प राहील?
राहील. शिवाय तळाचं तेल वर ढकलेल.
म्हणजे एक धूर पुरायचा
आणि त्याच खड्ड्यातून दुसरा उकरायचा.

डेलरॉयनं बोट चाटलं. काकवी संपली.

तरी तिनं नावं ठेवली नाहीत त्या मनोऱ्यांना.
पाच वर्षं पहाटे चारला उठून
पिकअपच्या फळीवरून तिनं जेवणं वाढली:
तळलेला कॅटफिश, कॉलर्डची भाजी, मक्याचा पाव.
वेल्डर टेक्सासचे, फिटर अलाबामाचे,
सगळे मिसिसिपीच्या तांबड्या चिखलानं घोट्यापर्यंत एकाच जातीचे.
चर्चला नवं छप्पर आलं. तिला खालचा दात आला.
विजेचं बिल तेवढं
वीज यायच्या आधीच वाढलं.

मग एका फेब्रुवारीत, रात्री तीनला, फोन.
मावशी, बाहेर ये. ज्योत बघ.
पाइन झाडांवरची ती मोठी ज्योत
मिनिटामिनिटानं खाली बसत होती.
वायू आता वाया जात नव्हता, कामाला लागला होता.
ती आत आली. स्वयंपाकघरातला दिवा लावला,
मालवला, परत लावला.
उजेड कालच्यासारखाच होता.
पण तिला आपलं वाटलं,
कुरण घरात आलंय.

पुढचं पेपरात आलं, तुकड्यातुकड्यानं.
आतल्या विटा तडकल्या. राख वितळून अडकली, चिकटली.
एक नळ दुरुस्त होईतो दुसरा बसायचा.
हिशेबाचे आकडे एवढे लांब की
पाद्रीबुवांनी ते प्रवचनात वाचले नाहीत, नुसता सुस्कारा टाकला.
शेवटी परराज्यातून साधा गॅस आला,
टर्बाइनला त्याचंही वावडं नव्हतं.
साठ मैल पाइप अजून जमिनीत आहे. काय काय वाहणार होतं,
आता आत मुंग्याही गेल्या नसतील.

कोळसा उगाळावा तितका काळाच, ठीक आहे.
पण यांनी तो उगाळला नव्हता.
त्याचा काळेपणा बाजूला काढून
नीट पुरून ठेवायचा घाट घातला होता.
हसू येतं, आणि मग पुरतं येत नाही.

पाडलं त्या शनिवारी लोक घडीच्या खुर्च्या घेऊन आले.
सूर्य उगवताना आठ बार. मनोरे आधी गुडघ्यांत वाकले.
पोरांनी टाळ्या वाजवल्या.
डेलरॉय ट्रकमध्येच बसून राहिला, काच वर करून.
धूळ बरोबर तिच्या वाळत घातलेल्या चादरींवर आली.

खिडकीत तिच्याकडे एक तुकडा आहे,
लोणच्याच्या बरणीत, पाण्यात बुडवलेला.
वाळला की तो भुगा होतो, म्हणून.
दर रविवारी ती पाणी बदलते.
जुनं पाणी चहासारखं तपकिरी.
टोमॅटोच्या बुडाशी ओतते.
यंदा टोमॅटो बरे आलेत, म्हणते,
पण ते कशानं, कोण सांगणार.