पातळी

अमळनेरला, बोरीच्या अलीकडे,
पत्र्याच्या शेडमध्ये ती उभी असते:
गिरणीच्या लिलावात उचललेली दोन आसनी एमजी,
एक्कावन्न सालची, बाटलीहिरवी,
हॉर्न नाही, टप नाही, गळती आहे.

रोज रात्री मी सावद्याच्या केळीचं खोकं
उलगडून तिच्या पोटाखाली अंथरतो
आणि चहाच्या आधी ओणवा होऊन वाचतो.
सोमवारी रुपयाएवढा डाग,
गुरुवारी बशीएवढा,
कडेला पेनानं तारीख.
शैलजा म्हणते,
माझी शुगर एवढ्या नेमानं लिहिली असती तर.

एकतीस वर्षं वजनमापे खात्यात काढली.
सराफांचे काटे, रॉकेलची मापं,
पारोळ्याच्या पंपावर पाच लिटरचं भांडं
उन्हात डोळ्यासमोर धरून
कितीकांना घाम फोडला.
तेव्हा हे सांगायला अवघड जातं.

डिपस्टिक म्हणे, कमी आहे.
मी पाव लिटर घाली.
सकाळी खोकं भिजलेलं.
डिपस्टिक म्हणे, कमी आहे.

शेवटी जलील पिंजारी आला.
बाप दारोदार कापूस पिंजत फिरायचा,
हा ट्रकांची पोटं उघडतो.
सीट काढल्या, फळ्या काढल्या,
आढ्याला दोर टाकून गिअरबॉक्स
नुकत्या व्यालेल्या शेळीचं करडू उचलावं तसा
अलगद बाहेर घेतला.
रॉकेलनं धुतला. ड्रॉइंगचा जाड कागद
कडेवर ठेवून छोट्या हातोडीनं
टकटक, टकटक,
लोखंडानंच आपला आकार कापून दिला.

रबरी सील कुठंय, मी विचारलं.
त्यानं शाफ्टवर नख फिरवून दाखवलं:
उलटे आटे. फिरता फिरता
बाहेर निघालेलं तेल आत वळवणारे.
''साहेब, जवलगून चालस तवलगून गळत नई.
उभी ऱ्हायनी का गळस.''
मी निवृत्तीला सहा वर्षं झालेला माणूस,
यावर काही बोललो नाही.

दोन दिवसांनी सगळं जागेवर.
तिसऱ्या सकाळी खोक्यावर
ताटाएवढा डाग.

जलील उकिडवा बसला. बिडी पेटवली नाही.
मग सगळं तेल खाली सोडलं
आणि म्हणाला, तुमचं भांडं आणा.
पितळी, शिक्क्याचं, माळ्यावरचं.
पाऊण लिटरच्या पेटीतून
दीड लिटर निघालं.

डिपस्टिक त्यानं पुसली, उन्हात धरली,
बोटांनी तिची लांबी चाचपली.
''हाई पट्टी या गाडीनी नई शे.''
कुठल्यातरी अ‍ॅम्बॅसेडरची, वरून वाकवलेली,
खालून कुणीतरी करवतलेली.
माझ्या आधी कोण जाणे किती जणांना
तिनं हेच सांगितलं असेल: कमी आहे.

खोटं माप. माझ्याच शेडमध्ये.
पंचनामा कुणावर करू?
आरोपी मी, फिर्यादी मी,
साक्षीला पंधरा खोकी, तारखांसकट.
शैलजा दारात उभी राहून
पदरात हसली, आणि मग पदराबाहेर.

मोजून पाऊण लिटर भरलं.
पट्टी आत घातली, काढली.
तेलाची रेघ जिथे थांबली तिथे
जलीलनं कानस दोनदा फिरवली.
नवी खूण, चकचकीत.
मी सवयीनं शर्टाचा खिसा चाचपला.
शिक्का अर्थातच नव्हता.

मग धुळ्याच्या रस्त्याला लागलो,
जलील शेजारी, गुडघे छातीशी,
कपाशीच्या शेतांमधून,
तिसऱ्या गिअरला थोडी किरकिर.

आज सकाळी खोक्यावर एक ठिपका आहे.
बाजरीच्या दाण्याएवढा.
तारीख लिहायला पेन काढलं होतं.