बारापैकी चार

कपाटाला दोन कुलपं. एक किल्ली माझ्याकडे,
दुसरी नवनीतभाईंकडे, आणि ते फत्तेगंजला चहाला गेलेत.
आत अर्धा लिटर इथेनॉल, निव्वळ, बिनपाण्याचं,
आणि निळ्या पुठ्ठ्याची वही:
तारीख, किती काढलं, कशासाठी, सही.
तपासणीच्या साहेबांनी एकदा "ऑक्सिडेशन"वर बोट ठेवून विचारलं,
म्हणजे पितं कोण?
प्लॅटिनम, म्हटलं.
त्यांनी तेही लिहून घेतलं.

भाऊंना हे सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत.
एकतीस वर्षं नशाबंदी खात्यात,
दुधाच्या टँकरमध्ये काठी घालून तळ बघणारा माणूस.
"बरोबर केलं त्यानं. रकाना रिकामा ठेवायचा नसतो."

मी आधी मिथेनॉल शिकले. एकच कार्बन.
नखाएवढी पत्री ज्वालेत लाल करायची, निववायची,
सेलमध्ये सोडायची, व्होल्टेज हळूहळू चढवायचं.
प्लॅटिनम एकेक हायड्रोजन उतरवून घेतं,
लग्नाहून आलेली बाई बांगड्या उतरवते तसं,
आणि उरतं ते कार्बन मोनॉक्साइड
असं चिकटून बसतं
की पुढच्याला टेकायला जागा नाही.
मग शेजारी रुथेनियम लागतं.
ते स्वतः फार काही करत नाही,
पाणी धरून उभं राहतं.
तेवढ्यानं सुटतं.

इथेनॉलमध्ये कार्बन दोन,
आणि ते दोघे एकमेकांना सोडत नाहीत.
हिशोबानं एका रेणूमागे बारा इलेक्ट्रॉन यायला हवेत.
येतात दोन. फार तर चार.
टिन घातलं. रोडियम घातलं, गाइडच्या शिव्या खाऊन.
तीन वर्षं मी न आलेले आठ मोजतेय.

काल भाऊ पहिल्यांदा लॅबमध्ये आले.
विश्वामित्रीच्या पुलावरून चालत, छत्री घेऊन, ऊन असताना.
उपकरणाकडे बघितलंसुद्धा नाही. वही मागितली.
चष्मा कपाळावर, बोट रकान्यातून खाली खाली,
आणि चौदा तारखेवर थांबलं.
"पाच मिली कुठं गेले?"
उडाले, भाऊ.
"सगळे हेच सांगायचे."

मग स्टूल ओढून बसले पडद्यासमोर.
रेघ चढली, डोंगर झाला, कोसळली.
"आता?"
आता वर गेल्यावर प्लॅटिनम ऑक्साइडचं पांघरूण घेतं,
काम बंद.
"बढती मिळाली की तसंच होतं," म्हणाले.
रेघ परत फिरली, पांघरूण निघालं,
आणि उतारावर पुन्हा एक डोंगर.
त्याबद्दल त्यांनी काही विचारलं नाही.
फक्त म्हणाले, परत दाखव.

किती मिळतात? त्यांनी विचारलं, तिसऱ्या फेरीला.
बारापैकी चार.
बराच वेळ पंखाच ऐकू येत होता.
"मी बारा खटले भरायचो, तेव्हा एकाला शिक्षा.
उरलेल्यांचं काय होतं तुझ्याकडे?"
व्हिनेगर.
त्यांनी सेलवर वाकून वास घेतला,
लोणच्याची बरणी उघडल्यासारखा.
"याला परमिट लागत नाही."

नवनीतभाई किल्ली वाजवत दारात.
भाऊंनी खिशातलं स्वतःचं पेन काढलं,
चौदा तारखेसमोर बारीक अक्षरात लिहिलं:
पाच मिली, हवेत.
आणि वही माझ्याकडे सरकवली,
सहीसाठी.