पाय टेकेपर्यंत

टिपणीसांकडे एकाच बॅलेची चार ध्वनिमुद्रणं आहेत
आणि आम्ही दोघांनीही बॅले कधी पाहिलेला नाही.
हे आधीच सांगितलेलं बरं.

पहिली तबकडी चौदा रुपयांची.
नौपाड्यात रशियन पुस्तकांची गाडी उभी राहायची,
तिथे मुलासाठी भूमिती आणायला गेले
आणि हे घेऊन आले. भूमिती राहिली.
मुलगा पुढे वकील झाला.

दुसरी कॅसेट, भाच्याने श्टुटगार्टहून आणलेली,
तिच्यात नुसते निवडक तुकडे.
"पंगत आहे," टिपणीस म्हणतात, "लग्नच नाही."
तिसरी पुन्हा तबकडी, हिचा वेग मला आवडतो.
चौथी सीडी, मूळ हस्तलिखिताबरहुकूम:
संगीतकार गेल्यावर इतरांनी जे कापलं, जोडलं,
शेवटी मरणाऱ्या पोरीला जे जगवलं,
ते सगळं उसवून,
तिला पुन्हा मरू दिलेली.

वागळे इस्टेटमध्ये त्यांनी तीस वर्षं दाबमापकं तपासली.
स्टॉपवॉच तिथलंच.
वहीत रकाने: अंक, तुकडा, मिनिटं, सेकंद, शेरा.
"ओबो नाकात बोलतो."
"झांजवाला उशिरा जागा झाला."
"हार्प सुरेख, पण शेजारच्या इमारतीत."

भांडण तिसऱ्या अंकावरून.
व्हायोलिनं जिना चढावा तशी चढतात
आणि एक जागा येते
जिथे कुणीतरी उडी घेत असणार.
रशियन तबकडीत त्या जागी सूर किंचित लांबतो,
अर्धी मात्रा, छे, पाव,
आणि मग सम.
माझ्या आवडत्या तबकडीत सम थेट येते, दार न वाजवता.
मी म्हणालो, यात जीव आहे.
ते म्हणाले, यात पाय नाही.
"तुमचा माणूस खुर्च्यांपुढे वाजवतोय.
रशियन खड्ड्यात उभा आहे, डोक्यावर बायका नाचतायत.
इतक्या वेगात गेलेला पाय
परत येत नाही हो."

आणि हे सिद्ध करायला, चरईत, दुसऱ्या मजल्यावर,
वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, पायजमा खोचून
त्यांनी उडी मारली.

सुई उडाली. तीही खाली आली, पण भलत्याच अंकात.
उपासनीबाईंनी खालून काठीने छत ठोकलं.
मी वाद सोडला नाही.

मार्गशीर्षात त्यांच्या बहिणीला झटका आला.
शरयूताई. उजवी बाजू गेली.
कळव्याहून निमेश म्हात्रे येतो, व्यायाम घ्यायला,
एक, दोन, एक, दोन,
आवाज गोड, पण ताई त्याच्याकडे
लहानपणीच्या मास्तरांकडे बघावं तशा बघतात.
एकदा मी गेलो तर रशियन लागली होती.
पॅसेजमध्ये चार खुर्च्या, ताई मधोमध,
निमेशचा हात कमरेपासून वीतभर लांब.
व्हायोलिनं चढली. पाय उचलला.
सूर लांबला, पाव मात्रा,
पाय हवेत.
रशियनसुद्धा इतका थांबू शकत नाही.

तेव्हा टिपणीसांनी,
ज्यांनी दोन सेकंदांसाठी माझ्याशी आठवडाभर अबोला धरला होता,
फिरत्या तबकडीच्या कडेवर बोट टेकलं.
सगळा वाद्यवृंद म्हशीसारखा हंबरत खाली गेला,
हार्पच्या तारा ओल्या दोरीसारख्या,
बासरीचा तर पुरुष झाला.
बोट तसंच.
पाय आला. आधी टाच, मग बाकीचा.
त्यांनी बोट उचललं
आणि सूर धडपडत आपापल्या जागी गेले.

वहीत ती वेळ नाही. मी नंतर पाहिलं.
रकाना आहे, रिकामा.

ताई खुर्चीत बसल्या, घाम पुसला,
जीभ अजून जड,
एकेक अक्षर ओढून आणत माझ्याकडे बघून म्हणाल्या,
"आता ती दुसरी लावा. भरधाव.
हा तुमचा रशियन फार रडका."

टिपणीस स्वयंपाकघरात गेले, चहा ठेवायला.
मी तबकडी बदलली.